हमीपत्रात नसलेला प्रश्न

अन्याय झाला तो सविता नावाच्या बाईवर. गेल्या वर्षी आषाढातल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, बजाजनगरातल्या आमच्या सल्ला केंद्राच्या पुढच्या खोलीत. आणि तो मी केला.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण आमच्याकडे बैठकीचं रजिस्टर असतं आणि कोण कधी बोललं ते त्यात लिहावं लागतं. माझ्याच अक्षरात नोंद आहे : '११.१० : सविता यांना काही विचारायचे होते. थांबवण्यात आले.' कुणी थांबवलं ते लिहिलेलं नाही. सरकारी कागदांत असलं वाक्य सापडलं की मी कॉलेजात असल्यापासून त्याची पत्रकं काढून चौकात वाटत आलेय. स्वतःवर वेळ आली तेव्हा हात आपोआप तसाच चालला.

या अंकासाठी 'एखादा यशस्वी अनुभव' लिहून द्या, असं संपादकांचं म्हणणं होतं. मी सविताला फोन केला, नावं बदलून तुमचं लिहू का म्हणून. ती म्हणाली, "लिहा की ताई. पण तुमचं चुकलं ते पहिलं लिहा. नायतर तुम्ही शेवटी दोन ओळीत उरकून टाकताल." ती मला चांगली ओळखते.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. केंद्र म्हणजे दोन खोल्या, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की बायका मोकळ्या बोलतात, आवाज बाहेर जात नाही. लाईट गेली की सगळी खोली कुजबुजायला लागते. बाई अर्ज देते, आम्ही नवऱ्याला पत्र धाडतो. पहिल्या पत्राला कुणी येत नाही. दुसऱ्याला त्याची आई येते, भांडून जाते. तिसऱ्याला तो येतो, पण एकटा नाही. मामा, मेव्हणा, गावचा कुणी जाणता, अशी जीप भरून. मग बाईकडचे तेवढेच. याला बैठक म्हणतात. बैठकीच्या शेवटी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लिहायचं, 'नीट नांदवीन, नीट नांदेन', चार साक्षीदारांच्या सह्या, आणि बाई त्याच जीपमधून नांदायला परत.

मारहाण असेल तिथं आम्ही समेटाचा शब्द काढत नाही. तिथं पोलीस, वकील आणि बाईसाठी सुरक्षित जागा, एवढंच. हे आधीच सांगून ठेवते, कारण संसार जोडणारी बाई म्हणून माझा सत्कार करायला निघालेले लोक मी पाहिलेत आणि मला त्यांचा राग येतो. पण आमच्याकडे येणारे पुष्कळ अर्ज वेगळे असतात. मार नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही, घर नुसतं सुकत गेलेलं. ते मला सगळ्यात अवघड जातात. पत्रकाला खलनायक लागतो आणि इथं तो सापडत नाही. मग मी तो तयार करते.

माझ्यासोबत शकीलाआपा असतात. छावणीत राहतात, माझ्या जन्माच्या आधीपासून हे काम करतात. बैठकीत मी बोलते आणि त्या सुपारी कातरतात. केंद्रातल्या नव्या मुलींना वाटतं आपा काही करत नाहीत. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं.

सविता पिशोर गावची. नवरा दिगंबर वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर, आठवड्याला शिफ्ट बदलणारी. लग्नाला चार वर्षं, बजाजनगरात माडीवर एक खोली आणि पुढे पत्र्याचं स्वयंपाकघर, सोबत त्याची आई. आदल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत सविताला पाचवा महिना सरत आला होता, आणि बाळ गेलं. अर्जात मी ते एका ओळीत लिहून घेतलं होतं आणि लगेच पुढच्या रकान्यात, 'छळाचे स्वरूप' इथं आले होते. तिथं ती गप्प बसली. मीच सुचवलं, "दुर्लक्ष लिहू का? मानसिक त्रास?" ती म्हणाली, "लिहा तुम्हाला काय लिहायचं ते."

विश्रांतीला म्हणून ती दीड महिन्यासाठी माहेरी गेली आणि दहा महिने तिथंच राहिली. का राहिली? माहेरच्यांचं म्हणणं, नवऱ्यानं न्यायला यायचं असतं. पोरगी आपल्या पायानं गेली तर तिला काय किंमत राहील? सासरच्यांचं म्हणणं, बोलावणं आल्याशिवाय जावई सासुरवाडीला पाय ठेवत नसतो. एकाला न्यायला येणारा पाहिजे, दुसऱ्याला बोलावणं पाहिजे. मधे दोन बस बदलण्याइतकं अंतर. त्या अंतरात दहा महिने गेले, आणि कुणालाच आपण काही वाईट केलं असं वाटत नव्हतं.

त्या मंगळवारी दिगंबरकडून त्याची आई आणि मामा आले होते. मामा धिप्पाड, पांढरा सदरा, बोलायची सवय असलेले. सविताकडून तिचे चुलते अण्णा. सविता भिंतीजवळच्या खुर्चीवर, दिगंबर दाराजवळच्या. दोघांच्या मधे आम्ही सगळे.

मामांनी सुरुवात केली. "आमच्या पोरानं काय केलं ते एकदा सांगा. दारू पितो? नाय. हात उचलला? नाय. मग केस कशाची?"

"दहा महिन्यात एक फोन नाय केला पाव्हणं," अण्णा म्हणाले.

"तुमच्याकडं रेंज नसती."

"आमच्याकडं रेंज लई. फोन करणारी माणसं पायजेत."

आपा हसल्या. मी हसले नाही. मी वही उघडून तयारीत होते. एका सुनेला दहा महिने विचारत नाही म्हणजे काय, बाई म्हणजे दारात बांधलेली शेरडी आहे का, असं मी जे सुरू केलं ते वीस मिनिटं. मामा मधेमधे "व्हय, पण ताई" म्हणायचे आणि मी त्यांना बोलू द्यायचे नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या भाषणांपैकी ते एक होतं, हे मी आजही नाकारत नाही.

तेवढ्यात सविता म्हणाली, "मला यांना एक विचारायचंय."

खालची गिरणी नेमकी बंद होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. दिगंबरनं त्या बैठकीत पहिल्यांदा मान वर केली. आपांचा अडकित्ता थांबला. आणि मी सविताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "थांब, मी बोलते ना. घाबरू नकोस."

ती घाबरलेली नव्हतीच. मी मात्र मामांकडे वळले आणि बाईला तिचं म्हणणं मांडायचा अधिकार असतो यावर आणखी दहा मिनिटं बोलले. सविता परत काही बोलली नाही. दिगंबरची मान खाली गेली.

हमीपत्र दीडला पुरं झालं. नऊ अटी. चार माझ्या : तिच्या मोबाईलला हात लावायचा नाही, महिन्यातून एकदा माहेरी न्यायचं, तिला परत पॅकिंगच्या कामाला जाऊ द्यायचं, दवाखान्यात नवऱ्यानं स्वतः सोबत जायचं. चार मामांच्या : सासूला उलट उत्तर नाही, न सांगता माहेर नाही, घरातलं बाहेर बोलायचं नाही, सणावाराला गावी यायचं. आणि सातव्या नंबरची माझीच, जिचा मला फार अभिमान होता : 'पती-पत्नी रोज किमान अर्धा तास एकमेकांशी संवाद साधतील.' मामा म्हणाले, "हे बेस केलं ताई तुम्ही." आम्ही दोघांनी मिळून त्या नवराबायकोचा संसार वाटून घेतला होता, खळ्यावर धान्य वाटून घेतात तसा.

सगळे गेल्यावर आपा म्हणाल्या, "कागज तो अच्छा बनाई तू. वो लडकी क्या पूछ रही थी?"

"होतं काहीतरी. नंतर विचारते."

"नंतर," आपा म्हणाल्या आणि सुपारीचा डबा बंद केला.

नंतर म्हणजे सहा आठवड्यांनी. गृहभेट असते आमची. घरी जाऊन बघायचं, अटी पाळल्या जातात का. तोवर दोनदा सविताचा फोन येऊन गेला होता. मी एकदा मोर्च्यात होते, एकदा पत्रकाचं प्रूफ बघत होते. दोन्ही वेळा 'बरंय ना सगळं?' विचारलं आणि ती 'बरंय' म्हणाली. ते मी प्रगती म्हणून नोंदवलं.

आपा आणि मी दुपारी चारच्या सुमारास गेलो. दिगंबरची तिसरी, म्हणजे रात्रीची शिफ्ट चालू होती, तो झोपून उठला होता. सविता पॅकिंगच्या पहिल्या शिफ्टवरून नुकतीच आलेली. खोलीत शिरल्याबरोबर मला भिंतीवर आमचं हमीपत्र दिसलं. लॅमिनेट करून, कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावलेलं. दिगंबरच्या आईनं, त्यांना आम्ही मावशी म्हणतो, ते आमच्यादेखत पदरानं पुसलं.

"समदं त्याच्यापरमानं चालतंय बघा," मावशी म्हणाल्या. "परवा हिनं मला उलट उत्तर दिलं. मी नुसतं बोट दाखवलं, पाचवी अट. गपकन बसली. आन् याला सातवी अट रोज दाखवावी लागती. ए दिगंबर, झाला का आजचा अर्धा तास?"

"आता बसतो," दिगंबर म्हणाला.

आणि खरंच बसला. पलंगाच्या कडेला तो, समोर खाली सविता, हातात निवडायला मेथी. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आम्ही कोपऱ्यात चहाच्या कपांसकट.

"बोल," तो म्हणाला.

"तुम्ही बोला."

"आज मशीनला बुश बदलला."

"बरं."

बराच वेळ मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "तुझं?"

"काय नाय. बॉक्सला टेप कमी पडला."

"बरं."

मी हसावं की रडावं अशा अवस्थेत होते. सविता माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज असंच असतं ताई. अर्धा तास झाला की उठतात. पंचिंग केल्यासारखं."

"मग काय करू?" दिगंबर एकदम चिडला. "कागदावर सही केलीय मी. उद्या तू म्हणशील, बोललो नाय."

"मी कवा मागितला तो कागद?" सविता म्हणाली. मेथी बाजूला ठेवली. "त्यातली एक तरी अट मी मागितली का? ताई, तुम्हीच सांगा. मला एकच विचारायचं होतं. तुम्ही म्हणलात थांब. थांबले."

मी विचारलं, "काय विचारायचं होतं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सासूकडे पाहिलं. आणि बोललीच.

"माझं बाळ कुठं ठेवलं?"

ज्यांच्या घरात असं घडलेलं नाही त्यांना कदाचित कळायचं नाही, म्हणून सांगते. इतकं लहान लेकरू आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. ते काम पुरुषांचं. दवाखान्यातून कापडात गुंडाळून दोघं जण नेतात, तासाभरात परत येतात, अंघोळ करतात. आईला दाखवत नाहीत आणि जागा सांगत नाहीत. ती तिथं जाऊन बसेल, तिचा जीव गुंतेल, पुढचं लेकरू राहणार नाही, अशी समजूत आहे. सविता गुंगीतून शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुलगा होता का मुलगी, हेही तिला नर्सकडून कळलं. दुसऱ्या दिवशी दिगंबर कामावर गेला, सुट्टी नव्हती. तेव्हापासून ती एक प्रश्न घेऊन फिरत होती आणि त्याला तेवढाच एक विषय सोडून बाकी काहीही बोलायची मुभा होती. मग तो काहीच बोलेना.

आमच्या नऊ अटींत याचा कुठंही पत्ता नव्हता. असणार कसा?

मावशी म्हणाल्या, "असलं इचारू नये गं माय. बाईमाणसानं इचारायचं नसतं."

माझ्या तोंडात भाषण तयार झालं होतं. अंधश्रद्धा, पुरुषसत्ता, बाईच्या शरीरावरचा हक्क; सगळं ओळीनं आलं होतं. आपांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. घट्ट. मग मावशींना म्हणाल्या, "बहन, माझ्यासंग जरा खाली चला. मला इथली भाजी बघायचीय, छावणीत लई महाग देतात."

"आत्ता?"

"आत्ता."

मावशी गोंधळल्या, पण पिशवी घेऊन निघाल्या. जाताना आपांनी खिळ्यावरचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "तू जिन्यात बैठ. अंदर नक्को जाना. कान भी नक्को लगाना."

मी जिन्यात बसले. दार लोटलेलं. आत काय चाललं होतं ते मला आजपर्यंत पूर्ण माहीत नाही, आणि हे लिहिताना मला अजूनही थोडं खुपतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच ऐकू आलं नाही. मग सविताचा आवाज चढला, मग भांडं पडल्यासारखं झालं. मी उठले. पायरीवर उभी राहिले. त्यानं हात उचलला असेल तर? आत जायचं का? दाराला हात लावणार तेवढ्यात दिगंबरचं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, लहान मुलासारखं. मी परत खाली बसले. शेजारची बाई दारातून डोकावून म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही. बोलतायत."

तासाभरानं दार उघडलं. दोघं बाहेर आले. सविताच्या डोक्यावर पदर, चेहरा सुजलेला. दिगंबरच्या हातात गाडीची किल्ली. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"जाऊन येतो," तो म्हणाला. सवितानं जाताना माझ्या हातातल्या लॅमिनेट केलेल्या कागदाकडे पाहिलं, पण तो मागितला नाही.

आपा आणि मावशी परत आल्या तेव्हा खोली उघडी आणि रिकामी. मावशींनी मला जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. त्यातलं एक वाक्य मात्र लक्षात आहे : "माझीबी दोन गेली. मी कुणाला इचारलं?" असं म्हणून त्या पलंगावर बसल्या आणि निवडायची राहिलेली मेथी निवडायला लागल्या. आपा त्यांच्याशेजारी बसल्या आणि काड्या मोडायला लागल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढचं सविता दोन आठवड्यांनी केंद्रात एकटी आली तेव्हा तिनं सांगितलं, तेवढंच मला माहीत. नदीच्या अंगाला, एका बाभळीच्या बुंध्याशी जागा होती. मामा आणि दिगंबर गेले होते. मामांनी तिथंच त्याच्याकडून शब्द घेतला होता की बायकोला सांगायचं नाही. मामा दुष्ट माणूस नाही. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलेलं. दहा महिन्यांत दिगंबर दोनदा पिशोरच्या स्टँडपर्यंत येऊन परत गेला होता. ती पहिल्यांदा काय विचारणार हे त्याला पक्कं माहीत होतं आणि दिलेला शब्द मोडायची हिंमत होत नव्हती. आम्ही ज्याला दुर्लक्ष म्हणून रकान्यात भरलं ते हे होतं.

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय? बसलो तिथं. त्यांनी दगड लावला व्हता खुणेला, त्यो अजून हाय." मग म्हणाली, "बाकी आमचं आमच्यात, ताई."

मी पेन खाली ठेवलं.

यशस्वी अनुभव म्हणायचा तर म्हणा. सगळं गोड झालं असं मात्र नाही. मावशी सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मामांनी भाच्याच्या घरचं पाणी सोडलं होतं, दिवाळीला आले, पण सविताशी अजून तुटकच. दिगंबरनं सुपरवायझरला गाठून महिन्यातला एक आठवडा तरी बायकोच्या शिफ्टशी जुळवून घेतला. त्यासाठी एका मित्राच्या तिसऱ्या शिफ्टी स्वतः काढल्या. त्या आठवड्यात दोघं एकाच गाडीवर कामाला जातात. आणि भांडतात. चांगलं मोठ्यानं भांडतात. खालच्या घरमालकाची तक्रार आमच्याच केंद्रात आली. मी विचारलं तर सविता म्हणाली, "पहिलं भांडण तरी कुठं व्हायचं? आता ते म्हणतात, मी म्हणते. कधी ते जिंकतात, कधी मी." संसार परत उभा राहतो तो असा, हे कुठल्याही पत्रकात बसत नाही, म्हणून इथं लिहिते.

आमच्या केंद्रात त्यानंतर एक बदल झाला. बैठकीआधी दोघांना अर्धा तास एकटं बसवतो. बाईनं हो म्हटलं तरच, आणि मारहाण नसेल तरच. बाकीचे जीपवाले जिन्यात. मामालोक कुरकुरतात. पुष्कळदा त्या अर्ध्या तासात कळतं की यांचं जमायचं नाही, आणि तेही बरं; निदान ते त्या दोघांना कळतं. हमीपत्र अजून लिहितो, पण अटी ते दोघं सांगतात. एकीनं एकच सांगितली होती : 'माझ्या आईला बाई म्हणायचं नाही, मामी म्हणायचं.' मी मुकाट्यानं लिहिली.

मला राग येतो तो माझाच येतो, आणि त्याशिवाय तुमचा. हो, वाचणाऱ्यांचा. कारण हे मी जिथं जिथं सांगितलं तिथं तिथं सभा संपल्यावर एखादी म्हातारी, एखादी चाळिशीची बाई जवळ आली आहे आणि हळूच म्हणाली आहे, "मलाबी कुणी सांगितलं नाय." तीस वर्षांपूर्वीचं, चाळीस वर्षांपूर्वीचं. त्यांची लेकरं कुणीतरी नेली होती. ते नेणारे कुठं आहेत? ते हा अंक वाचतायत. नवरा असेल, दीर असेल, मामा असेल, शेजारचा काका असेल.

तेव्हा तुमच्याशीच बोलते. तुम्ही कधीतरी एखाद्या आईचं लेकरू कापडात गुंडाळून नेलं असेल, तर तुम्हाला जागा माहीत आहे. तिथं आज शेत असेल, रस्ता असेल, कुणाचं घर उभं असेल, तरी तुम्हाला माहीत आहे. तिनं विचारायची वाट बघू नका. तिला विचारू दिलेलं नाही. अंक मिटा, तिच्याकडे जा, ती चुलीपाशी असेल तर चुलीपाशी बसा आणि जागा सांगा. ती म्हणाली तर तिला तिथं घेऊन जा. आज.